बॉयलर गार असतानाच बघा!



बॉयलर हा विषय सेकंड इयरला आपण सगळ्यांनीच पाठ केलेला आहे. कॉक्रन, लँकेशायर, बॅबकॉक-विल्कॉक्स. 'माउंटिंग्ज आणि ॲक्सेसरीजमध्ये फरक काय?' हा तर व्हायवातला हमखास प्रश्न! पण समजा कुणी विचारलं, की स्वयंपाकघरात भांड्यांच्या कपाटाशेजारी टांगलेला बॉयलर चांगला की वाईट हे कसं ओळखायचं, तर आपल्यातले बहुतेक जण गप्प बसतील. साहजिक आहे. आपली थंडी म्हणजे स्वेटर, गोधडी आणि गीझरचं पाणी. घर तापवायचं असतं हेच मुळी आपल्याला माहीत नसतं.

माझा मावसभाऊ आणि वहिनी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतात. २०२५ च्या जानेवारीत त्यांनी तिथे एक जुनं विटांचं घर बघितलं. घर आवडलं, पण किंमत त्यांच्या ताकदीच्या अगदी काठावर. साठवलेलं सगळं त्यात जाणार होतं, वर तीस वर्षांचं कर्ज. वहिनीला मे महिन्यात बाळ होणार होतं. आणि घराचं हीटिंग कसं आहे याबद्दल एजंटचं एकच वाक्य होतं, "वर्किंग फाइन." दादाचा मला फोन आला, "अगं, तू मेकॅनिकलला आहेस ना? मग सांग, काय बघू?" मग मी थर्मोचं पुस्तक उघडलं, तिथल्या माहितीपत्रकांचा फडशा पाडला, आणि दादाने व्हिडिओ कॉलवर जे जे दाखवलं ते ते वहीत लिहून घेतलं. त्या वहीतूनच हा लेख तयार झाला आहे. शिकून बाहेर जाणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आज ना उद्या कुणालातरी उपयोग होईल.

बॉयलर, पण उकळत नाही

पहिली गंमत म्हणजे या बॉयलरमध्ये पाणी उकळतच नाही. वाफ नाही, काही नाही. गॅसवर साधारण ६० ते ७० अंशांपर्यंत पाणी तापतं, पंप ते पाइपांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरवतो, तिथे उष्णता सोडून पाणी परत येतं. बंद चक्र. तेच ते पाणी वर्षानुवर्षं फिरत राहतं. आजकाल बहुतेक घरांत 'कॉम्बी' बॉयलर असतो, म्हणजे नळाचं गरम पाणीही तोच देतो, टाकी लागत नाही.

एक किलोवॉटचा रेडिएटर घ्या. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात २० अंशांचा फरक असेल, तर लागणारा प्रवाह मिनिटाला जेमतेम पाऊण लिटर. म्हणजे सगळा खेळ अगदी बारीक धारेचा आहे. त्या धारेच्या वाटेत गाळ बसला की खोली गार. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सर्व्हे रिपोर्टवर विसंबू नका

इंग्लंडमध्ये घर घेताना लोक सर्व्हेअर नेमतात. भिंती, छप्पर, ओल, सगळं तो बघतो. हीटिंगच्या बाबतीत मात्र तो फक्त डोळ्यांनी दिसेल तेवढंच लिहितो. सर्वसाधारण होम सर्व्हेमध्ये बॉयलरची चाचणी नसते. रिपोर्टमध्ये छापील वाक्य येतं, की यंत्रणेची तपासणी केलेली नाही, गॅस इंजिनिअरकडून करून घ्यावी. लोक ते वाक्य वाचून पान उलटतात!

दुसरी गोष्ट कायद्याची. इंग्लंड-वेल्समध्ये 'एक्स्चेंज ऑफ काँट्रॅक्ट्स' होईपर्यंत व्यवहार कुणावरच बंधनकारक नसतो (स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे). तोपर्यंत प्रश्न विचारता येतात, भाव करता येतो, माघारही घेता येते. एक्स्चेंज झालं, की जे घर जसं आहे तसं तुमचं. म्हणून बॉयलरची चौकशी त्या तारखेच्या आधी व्हायला हवी. किल्ली हातात आल्यावर नव्हे.

पहिली परीक्षा : प्रेशर गेज

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची परीक्षा हीच, आणि तिला एक पैसाही लागत नाही. अट एकच, बॉयलर गार असताना घरात शिरायचं. दादाने एजंटला सांगितलं, "उद्या सकाळी दुसऱ्यांदा घर बघायला येतो, तोवर हीटिंग बंद ठेवा." सकाळी सात-आठच्या आत घर उबदार करून ठेवलेलं असलं, की निम्मी माहिती हातातून गेलीच समजा.

बॉयलरच्या खालच्या अंगाला गेज असतं. गार असताना ते १ ते १.५ बारच्या दरम्यान हवं. वाचा, फोटो काढा. मग हीटिंग पूर्ण चालू करा आणि अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा वाचा.

आता यामागचं शास्त्र. पाणी १० अंशांवरून ७० अंशांवर गेलं, की साधारण २.२ टक्के फुगतं. घरातल्या चक्रात १०० लिटर पाणी असेल तर दोन लिटरहून जास्त जागा वाढवून लागते. द्रव काही दाबला जात नाही, मग ते जाणार कुठे? त्यासाठी 'एक्स्पान्शन व्हेसल' असते. डब्यात मधोमध रबरी पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दाबलेली हवा. पाणी फुगलं की हवा आकसते. व्हेसल धडधाकट असेल तर गेज थोडंसंच वर चढतं, २ बारच्या आसपास थांबतं. पडदा फाटला किंवा हवा निघून गेली, की काटा सरळ ३ बारकडे धावतो. ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो (व्हायवातलं माउंटिंग इथे भेटतं बघा!) आणि पाणी भिंतीबाहेरच्या बारक्या तांब्याच्या नळीतून गळून जातं. बॉयलर गार झाला, की आता पाणीच कमी, म्हणून दाब १ च्या खाली.

दादाच्या त्या घरात गार असताना ०.८ होतं. चाळीस मिनिटांनी २.७. वहिनीने बाहेर जाऊन बघितलं तर तांब्याच्या नळीखाली भिंतीवर पांढरट-हिरवट ओघळ. मालक स्वभावाने चांगले गृहस्थ होते, म्हणाले, "काही नाही हो, महिन्यातून एकदा-दोनदा थोडं पाणी भरावं लागतं, बस्स!"

त्या 'बस्स'मध्येच सगळं आहे. बंद चक्रात पाणी भरावं लागतं याचा अर्थ ते कुठूनतरी जातंय. आणि एक खूण लक्षात ठेवा : तापवल्यावर काटा उडी मारत असेल तर संशय व्हेसलवर. उडी मारत नाही, पण दिवसागणिक दाब उतरतो, तर बहुधा एखाद्या जोडातून गळती. जमिनीखालून गळत असेल तर शोधायला फरशा उचकटाव्या लागतात.

दुसरी परीक्षा : रेडिएटरला हात लावा

प्रत्येक खोलीत जायचं, प्रत्येक रेडिएटर वरपासून खालपर्यंत हाताने चाचपायचा. जपून, हात भाजू शकतो! काय सापडलं त्यावरून निदान असं :

१. वरचा भाग गार, खालचा गरम : आत हवा अडकली आहे. छोट्या चावीने ती सोडता येते. पाच मिनिटांचं काम, चिंता नको.

२. खालचा मधला भाग गार, बाकी गरम : आत गाळ बसला आहे. खर्चाचं काम.

३. बॉयलरजवळचे कडकडीत, लांबचे कोमट : प्रवाहाची वाटणी बिघडली आहे. व्हॉल्व्ह फिरवून बॅलन्सिंग करता येतं.

४. एकच रेडिएटर पूर्ण गार : आधी त्याचा व्हॉल्व्ह बंद नाही ना ते बघा. व्हॉल्व्हची पिन अडकलेलीही असते.

दुसऱ्या क्रमांकाबद्दल थोडं सविस्तर. रेडिएटर पोलादी असतात. चक्रातलं पाणी जुनं झालं, की त्यातला ऑक्सिजन संपतो आणि गंजणं जवळजवळ थांबतं. म्हणून ते काळपट जुनं पाणी दिसायला घाण असलं तरी तसं निरुपद्रवी. पण दर महिन्याला ताजं पाणी भरलं, की ताजा ऑक्सिजन आत जातो. त्यातून मॅग्नेटाइट तयार होतं, लोखंडाचा काळा ऑक्साइड. तो जड, म्हणून रेडिएटरच्या तळाशी बसतो. पंपात जातो, बॉयलरच्या हीट एक्स्चेंजरमध्ये जातो. आठवतं ना, मिनिटाला पाऊण लिटरची धार? ती इथे अडते.

दादाच्या घरात मागच्या दोन बेडरूमचे रेडिएटर खालून गार लागले. म्हणजे गेजने सांगितलेली गोष्ट आणि हाताने सांगितलेली गोष्ट एकच निघाली : व्हेसल बिघडली, म्हणून पाणी गेलं, म्हणून नवं भरलं, म्हणून गंज, म्हणून गाळ, म्हणून बाळाची होणारी खोली गार. एका रबरी पडद्यापासून हे सगळं! फेल्युअर ॲनालिसिसच्या पेपरात यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी मिळालं नसतं.

मॅग्नेटाइट चुंबकाला चिकटतं, त्यामुळे बॉयलरकडे परत येणाऱ्या पाइपवर चुंबकी फिल्टर बसवतात. तो बसवलेला दिसला तर मालकाने काळजी घेतली आहे असं समजायला हरकत नाही. पाण्यात गंजरोधक केमिकल घातलं आहे का, हेही विचारावं.

तिसरी परीक्षा : नळ सोडा

कॉम्बी बॉयलरवर लिहिलेले किलोवॉट बघा. २४ किलोवॉटचा बॉयलर पाण्याचं तापमान ३५ अंशांनी वाढवायचं म्हटलं, तर मिनिटाला दहा लिटरच्या आतच गरम पाणी देऊ शकतो. आपली पंधरा लिटरची बादली दीड मिनिटात भरेल. एका बाथरूमला ठीक आहे. पण घरात दोन बाथरूम असतील, तर दोन्हीकडे एकदम शॉवर सोडून बघा. तेच दहा लिटर वाटून जाणार. हा बिघाड नव्हे, हे ऊर्जेचं गणित आहे, आणि ते घर घेण्याआधी कळलेलं बरं. नळाचं पाणी गरम-गार-गरम असं होत राहिलं, तर मात्र आतल्या प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये क्षार किंवा गाळ बसल्याचा संशय घ्यावा.

चौथी परीक्षा : ज्वाला, धूर आणि पांढरी नळी

इथे मात्र हात लावायचा नाही, फक्त बघायचं. बॉयलरचं झाकण उघडायचा अधिकार 'गॅस सेफ रजिस्टर'मध्ये नाव असलेल्या इंजिनिअरलाच. १ एप्रिल २००९ पासून ब्रिटनमध्ये कॉर्गीच्या जागी हे रजिस्टर आलं. त्या माणसाकडे फोटोचं ओळखपत्र असतं आणि मागच्या बाजूला तो कुठलं काम करू शकतो हे लिहिलेलं असतं. मागून बघावं, तिथे कुणाला राग येत नाही.

आपण काय बघायचं? बॉयलरभोवती काजळीचे किंवा पिवळट-तपकिरी डाग. जुन्या बॉयलरमध्ये ज्वाला दिसत असेल तर ती निळी, ताठ हवी. पिवळी आणि लोळणारी असेल तर ज्वलन अपुरं होतंय, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. या वायूला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस झोपेतच जातो. अशा घरात भाव करत बसू नका, आधी बॉयलर बंद करायला लावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, त्याची मुदत संपली नाही ना, हे पण बघा. बॅटरीवर चालणारा अलार्म आपला आपण घेऊन जाणं सगळ्यात उत्तम.

आता पांढरी प्लास्टिकची नळी. एक किलो मिथेन जाळला की सव्वादोन किलो पाणी तयार होतं, ते वाफेच्या रूपात. पूर्वी ही वाफ धुराड्यातून जायची आणि तिच्यातली सुप्त उष्णताही. एकूण ऊर्जेच्या सुमारे दहा टक्के! कंडेन्सिंग बॉयलर ही वाफ थंड करून उष्णता परत मिळवतो, आणि उरलेलं किंचित आम्ल पाणी या नळीतून गटारात सोडतो. पण वाफेचं पाणी व्हायला परतीचं पाणी सुमारे ५५ अंशांच्या खाली हवं. बॉयलरचं तापमान फार वर ठेवलं असेल तर कंडेन्सिंग बॉयलर नुसता नावालाच कंडेन्सिंग. ही नळी भिंतीबाहेरून लांबवर, उघडीच नेली असेल तर नोंद करा. डिसेंबर २०१० च्या कडाक्याच्या थंडीत ब्रिटनमध्ये असंख्य घरांत याच नळीत बर्फ धरला आणि नेमक्या गरजेच्या वेळी बॉयलर बंद पडले.

कागद मागा

आपण बघतो ते आजचं. मागे काय काय झालं ते कागद सांगतो. चार कागद मागावेत :

• बॉयलर बसवल्याचं बिल्डिंग रेग्युलेशन्सचं प्रमाणपत्र. २००५ नंतर बसवलेल्या बॉयलरसाठी हे असायला हवं.

• बॉयलरबरोबर येणारं पुस्तक. त्यात बसवतानाच्या नोंदी आणि दरवर्षीच्या सर्व्हिसिंगच्या नोंदी असतात.

• वॉरंटी. बहुतेक वॉरंट्या दरवर्षी सर्व्हिसिंग केलं तरच टिकतात. 'दहा वर्षांची वॉरंटी' म्हणतात आणि सर्व्हिसिंगच्या पावत्या नाहीत, तर ती वॉरंटी कागदावरच.

• ईपीसी, म्हणजे घराचं ऊर्जा प्रमाणपत्र. ए ते जी अशी श्रेणी असते. घर विकायला काढताना ते लागतंच. पण ते दहा वर्षं चालतं, त्यामुळे त्यावरचा बॉयलर आणि भिंतीवरचा बॉयलर वेगळेही असू शकतात! शिवाय ते गृहीतकांवरून काढलेलं असतं, यंत्र बिघडलंय की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही.

याखेरीज विकणारा 'टीए-६' नावाचा फॉर्म भरून देतो. हीटिंग कधी बसवलं, चालू स्थितीत आहे का, शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं, असे प्रश्न त्यात असतात. उत्तर मोघम असेल तर सॉलिसिटरमार्फत पुन्हा विचारावं, लेखी. तोंडी 'वर्किंग फाइन'ला अर्थ नाही.

भिंतींनाही विचारा

बॉयलर कितीही चांगला असला तरी घर चाळणीसारखं असेल तर काय उपयोग? जुन्या घरांची नऊ इंची भरीव विटांची भिंत घ्या. तिचा यू-व्हॅल्यू सुमारे २. बाहेर शून्य, आत २० अंश, बाहेरची भिंत ३० चौरस मीटर : २ गुणिले ३० गुणिले २०, म्हणजे १२०० वॉट नुसते भिंतीतून बाहेर. म्हणजे एक इस्त्री अखंड चालू ठेवल्यासारखं! मधे पोकळी ठेवून ती भरलेली भिंत असेल, यू-व्हॅल्यू सुमारे ०.५, तर तेच ३०० वॉट. म्हणून माळ्यावर डोकं घालून इन्सुलेशन किती जाड आहे ते बघावं, आणि मागच्या वर्षाची गॅसची बिलं मागावीत. बिल खोटं बोलत नाही.

तुम्ही विकणारे असाल तर

तर हेच सगळं उलटं करा. घर बाजारात आणण्याआधी सर्व्हिसिंग करून घ्या, पावत्या एका फाइलला लावा, बिघाड असेल तर दुरुस्त करा किंवा सरळ सांगा. लपवलेला बिघाड इंजिनिअर आला की निघतोच, आणि मग घेणाऱ्याचा तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो. फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिलं तर नुकसानभरपाईचा दावा होऊ शकतो, ते वेगळंच.

दादाच्या बाबतीत मालकांनी लपवलं काहीच नव्हतं, त्यांना माहीतच नव्हतं. गॅस सेफ इंजिनिअरने येऊन व्हेसल गेल्याचं आणि चक्र धुवून काढायची गरज असल्याचं लिहून दिलं. बॉयलर सहा वर्षांचा, बाकी ठणठणीत. कागद समोर ठेवल्यावर मालकांनी तेवढी रक्कम किमतीतून कमी केली. गाळ तसाच राहिला असता तर पुढेमागे हीट एक्स्चेंजर बसला असता, आणि नवीन बॉयलर म्हणजे दोन-तीन हजार पौंड. बाळ येण्याच्या महिन्यात ते त्यांना झेपलं नसतं. घर त्यांनी घेतलं. मला यातून एक कळलं : बिघाड असणं एवढं वाईट नाही, तो आधी माहीत नसणं वाईट. माहीत असलेल्या बिघाडाची किंमत ठरवता येते.

आणि आपल्याकडे?

रेडिएटर नाहीत, पण गॅस गीझर आहेत. अपुऱ्या ज्वलनाचं रसायनशास्त्र लेस्टरला एक आणि पुण्याला दुसरं असं नसतं. बंद बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे गुदमरून माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. तेव्हा जुना फ्लॅट घेताना किंवा मित्रांबरोबर रूम भाड्याने घेताना गीझर बाथरूमच्या आत आहे की बाहेर, धूर बाहेर न्यायला पाइप आहे का, खिडकीची जाळी पुठ्ठ्याने बंद केलेली नाही ना, एवढं तरी बघा. डिपॉझिट देण्याआधी!

थोडक्यात

गार असताना जा. गेज दोनदा वाचा. सगळे रेडिएटर चाचपा. दोन नळ एकदम सोडा. कागद मागा. झाकण मात्र इंजिनिअरलाच उघडू द्या. आणि हे सगळं सहीच्या आधी करा.

आपण घर बघायला जातो तेव्हा टाइल्सचा रंग बघतो, खिडकीतून काय दिसतं ते बघतो. एकदा वाकून त्या छोट्याशा काट्याकडेही बघावं. पाऊण तासात तो पुष्कळ काही सांगून जातो.